कस्टम बाईकचे आरसे परत परत सैल होतायत, थरथरतायत, नाहीतर नुसतं कोपर दाखवतायत? नवा सेट घ्यायच्या आधी हे तपासा

माझ्या गाडीवर मी आरशांचे तीन सेट बदलले आणि तिन्ही वेळा तेच झालं. नवे बसवले की आठवडाभर छान, मग हळूहळू उजवा खाली मान टाकणार, डावा फिरून आकाश दाखवणार आणि एका ठरावीक स्पीडला दोन्हीत सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं पांढरं. पाना घेऊन आवळायचं, दोन दिवस बरं, की परत ये रे माझ्या मागल्या. गाडी सिंगल सिलिंडर, मूळचं उंच हँडल काढून सरळ बुटकं हँडल टाकलेलं, कॅफे रेसर करायची म्हणून. दिसायला एक नंबर झाली होती, पण मागचं काही धड दिसत नव्हतं.

एके संध्याकाळी लेन बदलायची म्हणून उजव्या आरशात बघितलं तर मागे लांबवर एक दिवा, धूसर, म्हटलं मोटरसायकल आहे, अजून बराच वेळ आहे. सवयीने मान वळवून बघितलं म्हणून वाचलो, कारण ती कार होती आणि माझ्या मागच्या चाकापासून फार तर दोन गाड्यांच्या अंतरावर होती. थरथरीमुळे तिचे दोन दिवे मिसळून एक झाले होते आणि फुगीर काचेमुळे ती लांब वाटत होती. त्या दिवसापासून मी आरसे बदलायचं बंद केलं आणि नेमकं काय हलतंय ते शोधायला बसलो. तेव्हा कळलं की तीनही वेळा मी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी करत होतो. आरशात दोष नव्हताच, तो जिथे धरलाय तिथे होता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण कस्टम गाड्यांना हा त्रास घरोघरी आहे आणि जो तो नवीन आरसाच घेतो.

आधी एक गोष्ट ठरवा, तुमचा त्रास कुठला. आरसा फिरतोय किंवा सैल होतोय, हा एक प्रकार. आरसा जागेवर आहे पण चित्र थरथरतंय, हा दुसरा. आणि चित्र स्वच्छ आहे पण त्यात आपलाच हात दिसतोय किंवा मागची गाडी मुंगीएवढी दिसतेय, हा तिसरा. तिघांची कारणं वेगळी, औषधं वेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की बिघडतं. उदाहरणार्थ, कोपर दिसतंय म्हणून लांब दांडीचा आरसा घेतला तर थरथर वाढते, आणि थरथर कमी करायला दांडी आखूड केली की कोपर परत हजर.

सैल होण्यापासून सुरू करतो कारण तेच सगळ्यात जास्त छळतं.

दांडीचा आरसा असेल, म्हणजे ब्रेक-क्लचच्या पर्चमध्ये (लिव्हर हँडलवर धरून ठेवणारा भाग) आट्यांनी बसणारा, तर पहिल्यांदा आटे बघा. बऱ्याच जपानी गाड्यांना १० मिमी जाडीची आणि १.२५ मिमी पिचची (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) दांडी लागते. लहान गाड्या आणि स्कूटरना बऱ्याचदा ८ मिमी. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना १० मिमीच पण पिच १.५. आता १.२५ च्या भोकात १.५ ची दांडी घातली तर ती दोन-तीन आटे सरळ जाते आणि मग जड होते, आणि इथेच माणूस चुकतो, त्याला वाटतं रंग अडकलाय म्हणून तो पाना लावून जोर करतो. पर्च असतो ॲल्युमिनियमचा, दांडी असते स्टीलची, आटे पर्चचेच जातात. आणि उजव्या बाजूचा पर्च म्हणजे बऱ्याच गाड्यांवर ब्रेकचा मास्टर सिलिंडरच (लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग), आरशाच्या हट्टापायी तो भाग खराब करून घेऊ नका. साधा नियम म्हणजे दांडी नुसत्या बोटांनी पाच-सहा आटे आत गेली पाहिजे. नाही गेली तर थांबा, बाहेर काढा, आटे साफ करा, तरी नाही गेली तर ती दांडी त्या भोकाची नाही. आटे आधीच गेले असतील तर त्यात इन्सर्ट म्हणजे हेलिकॉइल बसवून मिळतं आणि ते चांगलं टिकतं, पण थोडे आटे शिल्लक आहेत म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळून काम भागवू नका.

उलट्या आट्यांचं मात्र नीट समजून घ्या. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना उजव्या बाजूला उलटे आटे असतात, म्हणजे आवळायचं तर घड्याळाच्या उलट दिशेने. ते कशासाठी, तर आरशाला समोरून काही धडकलं तर आरसा मागे ढकलला जातो. उजव्या बाजूचा आरसा मागे गेला म्हणजे वरून बघितलं तर तो घड्याळाच्या दिशेने फिरतो. साधे आटे असते तर तो आणखी आवळला गेला असता आणि वाट न देता मोडला असता. उलटे असले की तो सैल होऊन फिरतो, वाट देतो.

आता हीच गोष्ट वाऱ्याला लावून बघा. वारापण आरशाला मागेच ढकलतो. दोन्हीकडे साधे आटे असतील तर वारा उजव्या आरशाला आवळतो आणि डाव्याला सोडवतो. कितीतरी लोकांची तक्रार असते की नेहमी डावाच सैल होतो, उजव्याला काही होत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. आरसा हँडलच्या खाली उलटा टांगला असेल, म्हणजे दांडी खालून वर जाते, तर दिशा उलटते आणि मग उजवा सैल होतो. माझ्या एका मित्राने डावा-उजवा आरसा अदलाबदल करून पाहिला, त्याला वाटलं आरसाच खराब आहे, पण सैल होणं डावीकडेच राहिलं. आरसा बदलला तरी दुखणं त्याच बाजूला राहत असेल तर ते आरशाचं दुखणं नाही, एवढं त्यावरून पक्कं कळतं.

याला उपाय म्हणजे लॉकनट, म्हणजे दांडीवरचा, तिला जागेवर जखडणारा नट, आणि तो बरोबर पद्धतीने लावणं. बरेच जण दांडी तळापर्यंत फिरवतात, ती जिथे थांबते तिथे थांबवतात, आणि आरसा वाकडा तोंड करून उभा राहिला की पर्चचा क्लॅम्प ढिला करून अख्खा पर्चच फिरवतात. असं करू नका! पर्च फिरवला की लिव्हरचा कोन बदलतो, बोटं ब्रेकवर नैसर्गिक पडत नाहीत, आणि मास्टर सिलिंडरची टाकी तिरकी होते. पर्च आधी लिव्हरच्या हिशोबाने पक्का करा, म्हणजे गाडीवर बसून हात सरळ ठेवला की मनगट न मुडपता बोटं लिव्हरवर आली पाहिजेत, मग आरशाचं बघा. दांडी आत घाला, शेवटपर्यंत गेली की अर्धा-पाऊण फेरा मागे घ्या जोपर्यंत आरसा हव्या त्या दिशेला येत नाही, आणि मग दांडी एका हाताने घट्ट धरून लॉकनट पर्चवर खाली आवळा. एका पान्याने दांडी धरायची, दुसऱ्याने नट. एकाच पान्याने केलं की नट आवळता आवळता दांडी पण थोडी फिरते आणि शेवटी दोघं अर्धवट राहतात. आट्यांवर निळं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) थेंबभर चालेल, लाल नको, ते नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि प्लास्टिकच्या भागांना ते लागू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात.

ॲडॉप्टर लावलेत का तेही बघा. उलट्याचे सुलटे आटे करायला, ८ चे १० करायला, आरसा उंच करायला, असे ॲडॉप्टर मिळतात आणि कधीकधी त्याशिवाय गत्यंतर नसतं. पण प्रत्येक ॲडॉप्टर म्हणजे सैल व्हायला आणखी एक सांधा, आणि दांडी तेवढी उंच. एकावर एक दोन ॲडॉप्टर चढवलेले मी पाहिलेत, ते कधीच शांत राहत नाहीत. एक पुरे, आणि त्याखाली पण स्वतंत्र लॉकनट हवा.

आता क्लॅम्प. कस्टम हँडलवर बऱ्याचदा नवीन लिव्हर असतात आणि त्यांच्या पर्चला आरशाचं भोकच नसतं, मग वेगळा क्लॅम्प लावावा लागतो. हँडलची जाडी मोजून घ्या, डोळ्याच्या अंदाजाने नको. बहुतेक गाड्यांचं हँडल ग्रिपच्या जागी २२ मिमी असतं. हार्ली आणि त्या धाटणीच्या गाड्यांना २५.४, म्हणजे एक इंच. आणि जाड पोटाचं जे हँडल मिळतं ते मधोमध २८.६ असतं आणि ग्रिपकडे निमुळतं होत २२ ला येतं. या निमुळत्या भागावर क्लॅम्प लावला तर तो कितीही आवळा, उतारावरून घसरल्यासारखा बारीक बाजूकडे सरकणारच, कारण त्याला पूर्ण पकड मिळतच नाही, एका कडेवरच बसतो. सरळ भागावर लावा, मग स्विच थोडा आत सरकवावा लागला तरी चालेल.

माझ्या गाडीचं दुखणं इथेच निघालं. ज्याने हँडल बसवून दिलं होतं त्याच्याकडे एक इंची क्लॅम्प होता आणि माझं हँडल २२ चं. मधली जागा भरायला त्याने जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, वरून क्लॅम्प, आणि बाहेरून बघितलं तर काही कळत नव्हतं. मी उघडलं तेव्हा ती पट्टी तेलकट, चकचकीत झालेली, एका बाजूला गोळा होऊन दुसऱ्या बाजूला कागदाएवढी पातळ. रबर दाबलं की सरकतं, गरम झालं की आणखी मऊ पडतं, आणि थरथरीने रोज थोडं थोडं बाहेर येतं. मी बोल्ट आवळायचो तेव्हा नुसतं रबर आणखी चेपायचं, पकड वाढायची नाही. आणि वर ते रबर म्हणजे स्प्रिंगच, त्यावर आरसा डोलायचा, म्हणजे थरथरीचं अर्धं कारण पण तेच होतं. तीन सेट आरसे मी त्या एका पट्टीवर बसवले होते.

त्यावर उपाय साधा. बाहेरून २५.४ आणि आतून २२ अशी ॲल्युमिनियमची चिरलेली बुश (मधली जागा भरणारी आखूड नळी), भिंत १.७ मिमी, कुठल्याही लेथवाल्याकडून करून मिळते. उभी चीर महत्त्वाची, नाहीतर ती हँडलवर आवळलीच जात नाही, आणि बुशची चीर क्लॅम्पच्या फटीसमोर येऊ द्या. लावायच्या आधी हँडल आणि बुश दोन्ही स्पिरिटने पुसून कोरडं करा, पॉलिशचा थर असेल तर तोही काढा. पावडर कोट केलेल्या हँडलवर क्लॅम्प लावला तर कोटिंग दाबाखाली बसतं आणि चार दिवसांनी बोल्ट आपोआप ढिला वाटतो, तेव्हा एकदा परत आवळायलाच लागतो, यात घाबरण्यासारखं काही नाही. आवळताना बेताने. ६ मिमीच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर पुष्कळ झालं, टॉर्क पाना नसेल तर आखूड एलन की वापरा आणि पाइप लावून जोर करू नका. दोन बोल्टचा क्लॅम्प असेल तर दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत थोडं इकडे थोडं तिकडे असं आवळत जा.

सैल होण्याचं तिसरं ठिकाण म्हणजे आरशाच्या मागचा गोळ्याचा सांधा. दांडी पक्की, क्लॅम्प पक्का, आणि तरी काच खाली बघायला लागते. आरसा उचलून सोडला आणि तो आपल्या वजनाने खाली आला तर गोळा ढिला आहे. काही आरशांना मागे झाकणाखाली स्क्रू असतो, पाव फेरा आवळून बघा. चैन साफ करताना उडालेलं तेल किंवा पॉलिश त्यात गेलं असेल तर धुऊन कोरडा करा, आणि किरकिरतोय म्हणून त्यात तेल सोडू नका, तो घर्षणावरच उभा असतो. स्क्रू नसलेला, नुसता प्लास्टिकच्या वाटीत दाबून बसवलेला गोळा एकदा झिजला की मात्र आरसा खरंच बदलावा लागतो. आणि वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, ६० ला जो आरसा टिकतो त्यावर १२० ला चौपट जोर येतो, म्हणून गावात ठीक आणि हायवेवर मान टाकतो असं होत असेल तर संशय आधी गोळ्यावर.

आता थरथर. यात दोन साध्या चाचण्या करा, पैसे लागत नाहीत. पहिली, मोकळ्या सरळ रस्त्यावर ज्या स्पीडला चित्र धूसर होतं तिथे क्लच दाबून एक-दोन सेकंद गाडी तशीच जाऊ द्या. इंजिन आयडलला आलं आणि चित्र लगेच स्वच्छ झालं तर कंप इंजिनचा. तसंच धूसर राहिलं तर वारा किंवा चाकांचं बॅलन्सिंग किंवा रस्ता. दुसरी, गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये ज्या आरपीएमला थरथरतं तिथे धरा आणि कोणाला तरी बोट लावायला सांगा. आधी दांडीच्या बुडाशी, मग आरशाच्या टोपणाला (काच ज्यात बसते ती खोळ), मग काचेच्या कडेला. काचेवर हलकं बोट ठेवलं आणि थांबलं पण टोपण धरून काही फरक नाही, तर काच आत सुटली आहे. स्वस्त आरशात काच नुसती दुहेरी टेपवर असते, एक कडा उचकटली की ती वेगळी नाचते, आणि त्यासाठी फोमची जाड टेप न लावता कडेने न्यूट्रल सिलिकॉन (आंबट वास न येणारं) भरून रात्रभर सुकू द्या.

टोपण धरल्यावर थांबतं तर तो दांडी आणि वजनाचा खेळ आहे. दांडीच्या टोकावर वजन म्हणजे पट्टी टेबलाच्या कडेला दाबून टोक टिचकीने वाजवतो ना, तसंच. त्या दांडीचा एक आपला ठरलेला कंप असतो, आणि इंजिनचा कंप त्याच्याशी जुळला की आरसा वेड्यासारखा नाचतो. सिंगल सिलिंडर इंजिन ४५०० आरपीएमला सेकंदाला ७५ फेरे मारतं, तुमच्या आरशाचा आपला कंप ७५ च्या आसपास असेल तर नेमका तिथेच तो पांढरा होणार, आणि त्याच्या खालीवर बरा असणार. म्हणून धूसर कुठल्या आरपीएमला होतं ते लिहून ठेवा. ते नसेल तर बाकी सगळा अंधारात तीर.

मग तो कंप कुठे ढकलायचा ते ठरवता येतं. दांडीचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने घटतो. ८ मिमीच्या ऐवजी १० मिमीची भरीव दांडी घेतली तर ती जवळजवळ अडीचपट कडक. २०० मिमीची दांडी १५० ची केली तरी तेवढंच, आणि आरशाचं वजन तेच असेल तर थरथरीची जागा साधारण दीडपट वर जाते, म्हणजे ४००० ला जे व्हायचं ते ६००० च्या आसपास, जिथे तुम्ही क्वचित जाता. उलट वजन दुप्पट केलं तर ४००० चं २८०० वर येतं. तुम्ही रोज ४००० वर चालवत असाल तर ते उत्तम, पण गर्दीत २५००-३००० वरच असता तर आगीतून फुफाट्यात. वजन वाढवून बघायला चाक बॅलन्स करायचे चिकटणारे ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे बेस्ट, आधी बाहेरून चिकटवून ट्रायल घ्या, जमलं तर टोपण उघडून आत लावा. मी उजव्याला २० ग्रॅमवर थांबलो, डाव्याला १५, दोन्हीकडे सारखंच लागेल असं नाही कारण एका बाजूला मास्टर सिलिंडर आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही.

हँडलच्या टोकाची वजनं तुम्ही बार एंड आरशांसाठी (हँडलच्या टोकात बसणारे आरसे) काढून टाकली असतील तर ती परत आणायची काहीतरी सोय करा. कंपनीने ती शोभेला लावलेली नसतात, हँडलचा कंप त्यांनी दबतो, ती काढली की आरसाच काय, हात पण बधिर होतो. हँडलचे रायझर, म्हणजे ते खालून धरणारे ठोकळे, रबर बुशवर असतील आणि ते फुटले असतील तरी अख्खं हँडल नाचतं, तेही एकदा हलवून बघा.

बार एंड आरशांबद्दल मात्र मला जरा कळकळीने सांगायचंय. हे आरसे दिसतात सुंदर, आणि टोकाला असल्यामुळे कोपरामागचं दाखवतात, माझ्या गाडीवर शेवटी तेच राहिले. पण बसवण्यात दोन धोके आहेत. एक म्हणजे आतला व्यास. २२ मिमीच्या स्टील हँडलची भिंत २ मिमी असेल तर आतून १८, आणि ॲल्युमिनियमची ४ मिमी असेल तर आतून १४. व्हर्नियरने मोजा. आत फुगणारा भाग रबरचा असेल तर तो कालांतराने फिरतो, पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा पाचरीसारखा फाकणारा घ्या, आणि आतून गंज, रंग, तेल सगळं पुसून मग बसवा.

दुसरा धोका उजव्या ग्रिपचा. मी आरसा बसवला, छान आवळला, गाडी चालू केली, ग्रिप पिळली आणि सोडली, आणि आरपीएम खाली आलाच नाही. आरशाच्या मानेचा चकतीसारखा भाग ग्रिपच्या टोकावर घट्ट टेकला होता आणि ग्रिप त्याच्याशी घासून अडकत होती. उभ्या गाडीवर कळलं म्हणून ठीक, हे वळणावर झालं असतं तर काय, या विचाराने पोटात गोळा आला. तेव्हा ग्रिपचं टोक आणि आरसा यात १ ते २ मिमी मोकळी जागा पाहिजेच. बंद टोकाची ग्रिप असेल तर तिचं टोक आणि आतल्या प्लास्टिकच्या नळीचं टोक गोल कापावं लागतं, आणि कापल्यावर कडेला राहिलेले रबराचे धागे काढून टाका, ते आत ओढले जातात. बसवून झालं की इंजिन बंद असताना हँडल पूर्ण डावीकडे, मधे, पूर्ण उजवीकडे, तिन्ही ठिकाणी ग्रिप पिळून सोडा. खटकन आवाज करून स्वतः परत आली पाहिजे. हाताने ढकलावी लागली तर गाडी बाहेर काढू नका. मग आरसा फिरवलेल्या स्थितीतच हँडल दोन्ही टोकांना नेऊन बघा की तो टाकीला, गुडघ्याला किंवा फेअरिंगला लागत नाही ना. खाली लटकवलेले आरसे टाकीवर हमखास आदळतात.

राहिला तिसरा प्रकार, दिसतच नाही. इथे दोन आकडे उपयोगी. युरोपात आणि इतरही बऱ्याच देशांत दुचाकीच्या आरशांना लागू होणारा संयुक्त राष्ट्रांचा ८१ नंबरचा नियम म्हणतो की काचेचं क्षेत्रफळ किमान ६९ चौरस सेंटीमीटर हवं, गोल असेल तर व्यास किमान ९४ मिमी, आणि काचेचा मध्य गाडीच्या मधल्या रेषेपासून किमान २८० मिमी बाहेर. अमेरिकेच्या नियमातही अंतर जवळजवळ तेवढंच, २७९. कायदा तुमच्याकडे कुठलाही असो, हे आकडे अनुभवाला धरून आहेत. कस्टम गाड्यांवर जो तीन इंची गोल आरसा दिसतो त्याचा व्यास ७५ मिमी, क्षेत्रफळ ४४ च्या आसपास, म्हणजे गरजेच्या दोन तृतीयांश सुद्धा नाही. आणि हँडल दोन्हीकडून कापून अरुंद केलं असेल तर २८० मिमी पण हुकतं, मग आरसा तुमच्या खांद्यामागे लपणारच. म्हणून टेप घ्या, स्टीअरिंगच्या मध्यापासून काचेच्या मध्यापर्यंत मोजा. २८० च्या आत असेल तर आरसा कितीही वळवून काही होणार नाही, तो बाहेर न्यायचा किंवा उंच करायचा, दुसरा मार्ग नाही.

काच सपाट की फुगीर, हा वाद कायमचा. मी हिशोब करून पाहिला. ९० मिमी रुंद सपाट काच डोळ्यापासून ६० सेंमीवर असेल तर २० मीटर मागे जेमतेम ३ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, एक लेनसुद्धा पूर्ण नाही. तीच काच १००० मिमी त्रिज्येची फुगीर असेल तर त्याच अंतरावर साडेसहा मीटरच्या पुढे. पण किंमत अशी की मागची गाडी सपाट काचेत दिसते त्याच्या निम्म्यापेक्षा लहान दिसते. त्रिज्या ५०० वर आणली, म्हणजे अगदी पोट सुटलेली काच, तर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लहान. त्या संध्याकाळी मला कार लांब वाटली ती यामुळेच. ८१ नंबरच्या नियमात फुगीर काचेची त्रिज्या १००० ते १५०० मिमी मध्येच ठेवलीय, आणि मला तेच योग्य वाटतं. छोट्या आरशात जास्त दिसावं म्हणून जास्त फुगीर काच घालून विकतात, ती घेऊ नका. एका बाजूला सपाट एका बाजूला फुगीर असंही नको, डोळा अंतराचा अंदाज बांधताना गोंधळतो. घेताना काचेत खिडकीची किंवा दाराची चौकट बघा आणि आरसा हळूहळू वळवा, रेघ एकसारखी वाकत गेली तर ठीक, मधेच लाटेसारखी हलली तर ठेवून द्या.

सेट करताना गाडी साइड स्टँडवर असू नये, तिरकी असते. कोणाला तरी सरळ धरायला सांगा, जॅकेट-हेल्मेट घालून नेहमीसारखं बसा, कारण जॅकेटने खांदा चांगला दोन बोटं रुंद होतो. क्षितिज काचेच्या मध्यावर, आतल्या कडेला आपल्या खांद्याची किंवा कोपराची बारीक किनार, बस. किनार पूर्ण घालवू नका, तीच सांगते की आरसा कुठे बघतोय. आणि आरसा कितीही उत्तम झाला तरी लेन बदलताना मान वळवायची सवय सोडू नका.

सगळं झालं की नट आणि पर्चवर मिळून, क्लॅम्प आणि हँडलवर मिळून, पांढऱ्या पेंट मार्करने एकेक सरळ रेघ मारा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बघा, मग महिन्यातून एकदा चैनला तेल देताना. रेघ तुटलेली दिसली तर कुठला सांधा फिरला ते लगेच कळतं, पाना लावून अंदाज घ्यायची गरज नाही. माझ्या डाव्या लॉकनटची रेघ पहिल्याच आठवड्यात केसभर सरकली होती, परत आवळला, नवीन रेघ मारली, त्यानंतर ती जागची हलली नाहीये.